लिंक दाबण्याआधी पत्ता कसा वाचायचा? नाशिकच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या मेसेजांसाठी धागा

गोदाकाठ

सोसायटीचा ग्रुप असो, भजनी मंडळाचा असो की द्राक्षबागायतदारांचा, त्याच त्या चार-पाच गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. तुमच्या गाडीचं चलान फाटलंय, नंबरप्लेट बदला, लाडक्या बहिणीचं ई-केवायसी राहिलंय, आज रात्री वीज कापणार, पोस्टात पार्सल अडकलंय. मजकूर बदलतो, काम एकच: घाईघाईत एक लिंक दाबायला लावायची. म्हणून सुरुवात पत्ता वाचण्यापासून करू. एक विनंती, या धाग्यात सगळे पत्ते देवनागरीतच लिहा, 'डॉट' असं अक्षरांत. म्हणजे कुणाचं बोट चुकून पडलं तरी काही उघडणार नाही.

पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस आणि दोन तिरक्या रेघा (//) असतात, त्या सोडून द्या. त्यापुढे पहिली एकटी तिरकी रेघ (/) जिथे येते तिथे बोट ठेवा. रेघ नसेलच तर पत्त्याच्या शेवटी ठेवा. आता बोटापासून डावीकडे, उलटं वाचत चला. डॉटने वेगळे झालेले पहिले दोन तुकडे सांगतात की साइट कुणाची आहे. शेवट 'जीओव्ही डॉट इन', 'को डॉट इन' किंवा 'बँक डॉट इन' असा असेल तर तीन तुकडे बघा. त्याच्याही डावीकडे जे असतं ते साइटचा मालक स्वतःच्या मर्जीने लिहितो. तिथे 'महाराष्ट्र' लिहायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

उदाहरण घ्या. लाडकी बहीण योजनेचा खरा पत्ता आहे लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन (स्पेलिंग एल-ए-डी-ए-के-आय असं सुरू होतं). आणि हा मी बनवलेला खोटा नमुना: लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन डॉट केवायसी-नोंदणी डॉट टॉप. मेसेजमध्ये वाचताना नजर पहिल्या चार-पाच शब्दांवर थांबते आणि खात्री पटते. उलटं वाचलं की पहिल्याच पावलाला 'डॉट टॉप' लागतं, त्याच्या मागे 'केवायसी-नोंदणी'. साइट त्यांची. सरकारचं नाव नुसतं पुढे टांगलेलं.

आणखी दोन खुणा. आडवी छोटी रेघ (-) म्हणजे डॉट नव्हे. 'महाराष्ट्र-जीओव्ही' हा एकच तुकडा झाला, तो कुणीही विकत घेऊ शकतो. आणि पहिल्या एकट्या तिरक्या रेघेच्या आधी @ दिसला तर त्याच्या डावीकडचं सगळं ब्राउझरच्या लेखी फक्त वापरकर्त्याचं नाव असतं, खरा पत्ता @ च्या उजवीकडे सुरू होतो. कुठल्याही बँकेच्या किंवा सरकारी लिंकमध्ये तिथे @ असायचं कारण नाही.

सातपूर_लाइन

उत्तम सुरुवात. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्राबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण 'कुलूप दिसतंय म्हणजे साइट सुरक्षित' हा सल्ला अजूनही फिरतो आणि तो चुकीचा आहे. कुलूप एवढंच सांगतं की तुमचा फोन आणि ती साइट यांच्यामधलं बोलणं वाटेत कुणी वाचू शकत नाही. समोर कोण बसलंय हे ते सांगत नाही. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र आज फुकट आणि काही मिनिटांत मिळतं, चोराकडेही असतं. हाच गैरसमज टाळायला क्रोमने २०२३ मध्ये कुलूप काढून तिथे दोन सरकत्या बटणांसारखं चित्र आणलं. उलट बाजू मात्र खरी आहे: 'सुरक्षित नाही' असं दिसत असेल तर तिथे काहीच भरू नका.

ईमेलमध्ये दिसणारी अक्षरं आणि आतला पत्ता वेगळे असू शकतात. कॉम्प्युटरवर माउस नुसता लिंकवर न्या, दाबू नका, खालच्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. फोनवर लिंकवर बोट दाबून धरा. छोट्या केलेल्या लिंकमध्ये उलटं वाचूनही काही हाती लागत नाही. लिंक छोटी करणाऱ्या 'बिटली' सेवेची असेल तर पत्ता कॉपी करून त्याच्या शेवटी अधिकचं चिन्ह (+) लावा, मग ती लिंक कुठे नेते ते आधी दिसतं.

सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचाही प्रकार आहे. रशियन लिपीतला 'а' आपल्या नेहमीच्या रोमन 'ए'सारखाच दिसतो. ब्राउझरला संशय आला तर तो असा पत्ता 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघा असा सुरू करून दाखवतो. भारतीय बँकेच्या पानावर असं काही दिसलं की टॅब बंद करा. डोळ्यांवर विसंबू नका, हे काम पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून आपोआप भरणारा प्रोग्रॅम, जास्त चांगलं करतो. तो पत्ता अक्षरन्‌अक्षर जुळवतो, म्हणून खोट्या पानावर पासवर्ड आपोआप भरत नाही. नेहमी भरला जाणारा पासवर्ड आज भरला गेला नाही, तर हाताने टाइप करू नका, आधी पत्ता बघा.

वहीखाते

गोदाकाठ, तुमच्या पोस्टवरून काही जण असा अर्थ काढतील की 'जीओव्ही डॉट इन नाही म्हणजे खोटं'. हे पूर्ण बरोबर नाही. महावितरणची खरी साइट महाडिसकॉम डॉट इन आहे, तिच्यात जीओव्ही नाही. आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेटचं काम तर दोन टप्प्यांत होतं. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांसाठी ट्रान्सपोर्ट डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन वर जायचं, तिथे आरटीओ कार्यालय निवडायचं (नाशिक एमएच-१५, मालेगाव एमएच-४१), मग तुम्ही त्या विभागाच्या ठेकेदार कंपनीच्या साइटवर जाता. ती जीओव्हीची नसते, तरी खरी असते, कारण तुम्ही सरकारी दारातून आत गेलेले असता. तेच नाव गुगलवर शोधून 'प्रायोजित' लिहिलेल्या पहिल्या निकालावर दाबलं तर भलत्याच ठिकाणी पोचाल. दरही लक्षात ठेवा: दुचाकीला ४५०, तीनचाकीला ५००, चारचाकीला ७४५ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे दुचाकीचे ५३१ होतात.

बँकांचं आता सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना आपली साइट 'डॉट बँक डॉट इन' वर न्यायला सांगितलं होतं. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. पण तो पत्त्याच्या शेवटी, एकट्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी हवा. मधे कुठेतरी 'बँकइन' लिहिलेलं असून चालत नाही.

गोदाकाठ

बरोबर, माझ्या पोस्टमध्ये हे सुटलं होतं. मग नियम असा मांडू: पत्ता वाचायचा तो नकार देण्यासाठी. होकार देण्यासाठी आलेली लिंक वापरायचीच नाही, आपल्या वाटेने जायचं. चलान आहे असा मेसेज आला? तो बाजूला ठेवा, ब्राउझरमध्ये स्वतः महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इन टाइप करा, गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाका. चलान असेल तर तिथे दिसेल, नसेल तर मेसेज खोटा.

वीज कापण्याच्या मेसेजचंही तेच. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. 'आज रात्री साडेनऊला कापणार, या नंबरवर अधिकाऱ्याशी बोला' असं दहा आकडी मोबाइलवरून महावितरण कळवत नाही.

निफाडकर

गावाकडच्या मंडळींसाठी भर घालतो. शेतकऱ्याला येणाऱ्या लिंक वेगळ्या असतात: पीएम किसानचा हप्ता अडकलाय, शेतकरी ओळखपत्र काढा, सौर पंप मंजूर झालाय, एवढी रक्कम भरा. खरे पत्ते असे: पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन. ओळखपत्रासाठी एमएचएफआर डॉट ॲग्रीस्टॅक डॉट जीओव्ही डॉट इन. अनुदानाच्या योजनांसाठी महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन.

सौर पंपात सगळ्यात जास्त जपायला हवं, कारण तिथे शेतकऱ्याने हिस्सा भरायचा असतो हे खरंच आहे. म्हणून 'रक्कम भरा' हा निरोप खोटा वाटत नाही. सौर पंपाच्या कुसुम योजनेच्या नावाने खोट्या साइट चालतात, हे केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानेच वेळोवेळी जाहीर केलंय. हिस्सा भरायचा तो पोर्टलवर आपल्या अर्जक्रमांकाने आत जाऊन, तिथे मागणी दिसली तरच. व्हॉट्सॲपवर आलेल्या क्यूआरवर किंवा कुणा व्यक्तीच्या नावाच्या यूपीआयवर नाही. पैसे जाण्याआधी यूपीआय ॲप समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दाखवतं. 'महाऊर्जा' या सरकारी संस्थेचे पैसे एखाद्या माणसाच्या नावावर जाताना दिसले की तिथेच थांबा.

कांद्याचे पैसे देतो म्हणून कुणी क्यूआर पाठवला तरी तेच. पैसे घ्यायला ना क्यूआर स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

भद्रकाली_मोबाइल

लिंकपेक्षा जास्त नुकसान करते ती एपीके, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप बसवणारी फाइल. 'आरटीओ चलान', 'पीएम किसान', लग्नपत्रिका, अशा नावांनी ती व्हॉट्सॲपवर येते, बऱ्याचदा ओळखीच्याच नंबरवरून, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. पुढे काय होतं ते पायरीपायरीने बघा, कारण मधे थांबायच्या जागा आहेत.

फाइल दाबली की अँड्रॉइड अडवतो: सुरक्षेसाठी या स्रोतावरून अनोळखी ॲप इन्स्टॉल करता येत नाहीत. खाली 'सेटिंग्ज' असं बटण असतं. ते दाबून व्हॉट्सॲपसमोरचं बटण चालू केलं की दार उघडलं. ही पहिली जागा, आणि इथे परत फिरलात तर नुकसान शून्य. मग ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, किंवा स्वतःलाच एसएमएसचं मुख्य ॲप करायला सांगतं. ही दुसरी जागा. चलान दाखवायला तुमचे मेसेज कशाला लागतात? तिसऱ्या पायरीला 'सुलभता' म्हणजे ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली जाते. ती दिली की ॲप स्क्रीन वाचू शकतं आणि तुमच्याऐवजी बटणं दाबू शकतं. शेवटी एक रुपया भरा म्हणून पान येतं, त्यात कार्ड किंवा पिन जातो. नंतर ॲपचं चित्र गायब होतं. तुम्हाला वाटतं काही झालंच नाही, आणि इकडे प्रत्येक ओटीपी दुसरीकडे पोचत असतो.

असं ॲप बसलंच असेल तर हा क्रम पाळा:

१. फ्लाइट मोड लावा. वायफायही बंद झालंय ना ते बघा, काही फोनांत ते चालू राहतं.
२. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, नेट बँकिंग, कार्ड आणि यूपीआय थांबवा. नंबर कार्डाच्या मागचाच, गुगलवरचा नाही.
३. फोन सेफ मोडमध्ये चालू करा. बहुतेक फोनांत पॉवर बटण धरायचं, मग पडद्यावरचं 'बंद करा' दाबून धरायचं. या मोडमध्ये बाहेरून घेतलेली ॲप चालत नाहीत.
४. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन' शोधा, तिथून त्या ॲपचा टिक काढा. सुलभतेची परवानगीही काढा. हे आधी केलं नाही तर 'अनइन्स्टॉल' चालत नाही, आणि बहुतेक जण इथेच अडकतात.
५. ॲप्सच्या पूर्ण यादीत जा. नाव कोरं असेल किंवा 'सिस्टिम अपडेट'सारखं असेल तर ते तपासून काढा.
६. फोन ॲपच्या सेटिंग्जमध्ये कॉल फॉरवर्डिंग बघा, व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक केलेली डिव्हाइस' बघा. अनोळखी असेल ते काढून टाका.
७. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून.

शंका राहिली तर फोटो काढून घ्या आणि फोन फॅक्टरी रीसेट करा. बॅकअपमधून ॲप परत घेऊ नका. आणि पोलिसांत तक्रार करायची असेल तर पुसण्याआधी ती फाइल, आलेला मेसेज, पाठवणाऱ्याचा नंबर यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा. रीसेट झाल्यावर पुरावा उरत नाही.

नवा_सभासद_इंदिरानगर

एक प्रश्न. लिंक दाबली, पान उघडलं, पण काहीच भरलं नाही आणि काही डाउनलोडही केलं नाही. तरी फोन हातातून जातो का?

सातपूर_लाइन

फोन आणि ब्राउझर अपडेट असेल तर नुसतं पान उघडल्याने सहसा काही होत नाही. टॅब बंद करा, डाउनलोडच्या यादीत काही उतरलंय का बघा, असेल तर न उघडता पुसा. जुन्या, अपडेट थांबलेल्या फोनवर मात्र ही खात्री देता येत नाही, म्हणून बँकेचं काम अशा फोनवर करू नये.

नाव-नंबर भरला असेल तर पुढे फोन येतील, सावध राहा. पासवर्ड भरला असेल तर लगेच खऱ्या साइटवर जाऊन बदला आणि 'सर्व डिव्हाइसवरून साइन आउट' करा. नुसता पासवर्ड बदलून पुरत नाही. काही खोटी पानं मधल्या आरशासारखी चालतात: तुम्ही भरलेला पासवर्ड आणि ओटीपी त्याच क्षणी खऱ्या साइटला देतात आणि आत गेल्याची खूण स्वतःकडे ठेवतात. ती खूण साइन आउट केल्यावरच मरते. ओटीपी असूनही खाती जातात त्याचं हे एक कारण आहे. पास-की (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने किंवा बोटाच्या ठशाने आत जायची सोय) जिथे मिळते तिथे लावा, कारण ती पत्त्याला बांधलेली असते, खोट्या पत्त्यावर चालतच नाही.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी एक वेगळा इशारा, अंबड-सातपूरच्या छोट्या ऑफिसांत तर हा भिंतीवर लावावा. पान उघडतं, 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा' म्हणतं, आणि मग पायऱ्या देतं: विंडोज बटण आणि आर दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, एंटर दाबा. हे कॅप्चा नाही. बटण दाबताक्षणी त्या पानाने तुमच्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं जिथे साठतं तिथे, एक आज्ञा ठेवलेली असते. 'रन'च्या खिडकीत ती चिकटवून एंटर दाबलं की कॉम्प्युटर स्वतःच चोराचा प्रोग्रॅम उतरवून चालवतो. आज्ञा तुमच्या हाताने दिली गेली म्हणून अँटीव्हायरसही बऱ्याचदा गप्प बसतो. खरा कॅप्चा ब्राउझरच्या बाहेर कधीच नेत नाही.

स्क्रीन भरून भोंगा वाजायला लागला आणि 'कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा' आलं तर एस्केप दाबून धरा, मग आल्ट आणि एफ४. नाहीच गेलं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. परत उघडताना 'मागची पानं पुन्हा उघडू का' याला नाही म्हणा.

वहीखाते

पैसे गेलेच असतील तर पहिला फोन १९३०, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. आधी हा नंबर १५५२६० होता, जुन्या पोस्टरांवर तो अजून दिसतो. तिथे बँका जोडलेल्या आहेत, पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते अडवता येतात. पण चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पटापट फिरवतात, म्हणून प्रत्येक मिनिट मोलाचं. फोन करताना हाताशी हवं: तुमचा खातेक्रमांक, यूटीआर म्हणजे व्यवहाराचा क्रमांक (यूपीआयला तो १२ आकडी असतो), रक्कम, वेळ, समोरचा यूपीआय आयडी. मिळालेला तक्रारक्रमांक घेऊन सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर सविस्तर तक्रार भरा. शहराचं आणि ग्रामीणचं सायबर पोलीस ठाणं वेगळं आहे. सिन्नर, निफाडकडच्या लोकांनी ग्रामीणकडे जायचं.

बँकेला लेखी कळवायला विसरू नका. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा व्यवहारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच बोजा येत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर मर्यादित बोजा. ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून 'चूक माझीच, आता काय सांगायचं' असं म्हणून गप्प बसू नका. कळवल्याची वेळ नोंदवून घ्या आणि तक्रारक्रमांक मागा.

पैसे गेले नसतील, नुसता खोटा मेसेज किंवा फोन आला असेल, तर दूरसंचार विभागाच्या संचारसाथी पोर्टलवर 'चक्षू' ही सोय आहे, तिथे नोंदवा.

गोदाकाठ

मेसेज कुणाकडून आलाय हेही बघायला शिकवा. कंपन्यांचे आणि सरकारी एसएमएस दहा आकडी नंबरवरून येत नाहीत, अक्षरी नावाने येतात, आणि २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी एक अक्षर असतं: जी म्हणजे सरकारी, टी व्यवहाराचा, एस सेवेचा, पी जाहिरातीचा. 'चलान भरा'च्या शेवटी पी असेल तर समजून जा. तरी अक्षर बरोबर आहे म्हणून लिंक दाबू नका. खोटा टॉवर उभा करून जवळपासच्या फोनांवर हवं त्या नावाने एसएमएस टाकणारी यंत्रं निघाली आहेत. ती टूजी या जुन्या नेटवर्कचा आधार घेतात, म्हणून फोनच्या सिम सेटिंग्जमध्ये 'टूजीला परवानगी' असं बटण असेल तर बंद करून ठेवा.

आणि सिंहस्थ. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. तंबू, खोल्या, पूजा, दर्शनपास यांच्या नावाने साइट निघतील. बाहेरगावचे नातेवाईक आपल्यालाच विचारणार: ही लिंक बरोबर आहे का? त्यांना पत्ता उलटा वाचायला सांगा. आणि साइटचं वय बघायला सांगा: आयकॅन या साइटच्या नावांची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेच्या लुकअप पानावर साइटचं नाव टाकलं की ती कधी नोंदली गेली ते कळतं. वीस वर्षांचा अनुभव सांगणारी यात्रा कंपनी आणि साइट तीन आठवड्यांपूर्वीची, तर आगाऊ रक्कम पाठवू नये. हॉटेल खरं असलं तरी गुगल मॅपवरचा फोन नंबर बदललेला असू शकतो, म्हणून दोन ठिकाणी पडताळा. शहरात आपण राहतोच, जाऊन बघून येणं हेही नातेवाइकांसाठी करता येईल.

नवा_सभासद_इंदिरानगर

धन्यवाद. घरातल्या वयस्कर माणसांच्या फोनवर एकदाच काय करून ठेवावं?

भद्रकाली_मोबाइल

अर्ध्या तासाचं काम आहे, त्यांच्यासमोर बसून, प्रत्येक गोष्ट सांगत करा.

क्रोममध्ये गोपनीयता आणि सुरक्षा, सुरक्षित ब्राउझिंग, तिथे 'वर्धित संरक्षण'. मग साइट सेटिंग्जमध्ये सूचना, तिथली सगळी यादी रिकामी करा आणि बंद ठेवा. 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस' असे मेसेज रोज येतात ते बहुतेक वेळा इथूनच, कधीतरी कुठल्यातरी पानावर 'परवानगी द्या' दाबलेलं असतं.

प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्ट (घातक ॲप तपासणारी सोय) चालू आहे का बघा. सेटिंग्जमध्ये 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करा' शोधा, व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर सगळ्यांचं बंद. व्हॉट्सॲपमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी लावा, आपोआप डाउनलोडमधून 'दस्तऐवज' काढा.

अँड्रॉइड ९ पासून पुढे नेटवर्कमध्ये 'खाजगी डीएनएस' असतं. तिथे रोमन अक्षरांत डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट भरा. ही फुकट सेवा आहे, माहीत असलेल्या बऱ्याच खोट्या साइट ती उघडूच देत नाही. क्वाड एका शब्दात, ९ आकड्यात, मधे जागा सोडायची नाही. एक अक्षर चुकलं तर इंटरनेटच बंद पडतं आणि कारण कळत नाही, म्हणून भरल्यावर लगेच एक साइट उघडून बघा. हॉटेल किंवा स्टेशनच्या वायफायवर लॉगिनचं पान आलं नाही तर हेच तात्पुरतं 'स्वयंचलित' करा.

शेवटी यूपीआयची रोजची मर्यादा कमी करा. दूध-भाजीला जेवढी लागते तेवढीच, बाकी रक्कम यूपीआय नसलेल्या दुसऱ्या खात्यात. आणि १९३० हा नंबर त्यांच्या फोनमध्ये 'सायबर तक्रार' नावाने सेव्ह करा, शिवाय फोनजवळच्या कॅलेंडरवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा, कारण वेळ येईल तेव्हा तो फोन फ्लाइट मोडवर असेल.